कवळी कोणी बनवायची आणि तोंडात हात कोणी घालायचा?

काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि पुडी माझ्या टेबलावर ठेवली. आत कवळीचे दोन तुकडे होते. वरच्या जबड्याची कवळी, बरोबर मधोमध मोडलेली. "हे सांधत बसू नकोस," त्या म्हणाल्या. "नवीनच कर. माप तूच घे. त्या दवाखान्यात पाच-पाच खेपा कोण घालणार या वयात?"

काकू कसबा पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यातल्या. मूळच्या जुन्नरकडच्या, वय ७६. मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलो, म्हणून त्यांच्या तोंडी मी अजून 'अरे'च आहे. गेली ३१ वर्षं मी शनिवार पेठेतल्या एका लहान लॅबमध्ये डेंटल मेकॅनिक आहे. डॉक्टरांकडून येणाऱ्या मापांवरून कवळ्या करणं हेच माझं पोट. तरी काकूंना मी नाही म्हटलं, आणि त्या मनापासून दुखावल्या. "गावाच्या बत्तिश्या बसवतोस, माझीच तेवढी जड झाली?"

त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. जो माणूस कवळी करतो, त्यानेच ती बसवली तर बिघडलं कुठे? शिंपी माप घेतो, शिवतो आणि अंगावर घालूनही बघतो. मग कवळीच्या बाबतीत माप घेणारा एक, करणारा दुसरा, असं का? याचं उत्तर कायद्यात आहे, काही हिरड्यांच्या आत आहे आणि थोडं परदेशातल्या मतपेट्यांतही आहे. काकूंना त्या दिवशी मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी कवळी होते कशी ते बघू. खेपा का लागतात ते त्यातूनच कळेल.

पहिल्या खेपेला डॉक्टर तोंडाचं साधं माप घेतात. त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा होतो आणि तो लॅबमध्ये येतो. त्या साच्यावर आम्ही त्या एकाच माणसाच्या मापाचा ट्रे बनवून परत पाठवतो. दुसऱ्या खेपेला त्या ट्रेने पक्कं माप घेतात. हे घेताना गाल, ओठ, जीभ हलवून बघावी लागते, कारण कवळीची कड कुठे संपली पाहिजे हे हलणारे स्नायू ठरवतात. कड लांब राहिली तर बोलताना कवळी उचलली जाते आणि आखूड राहिली तर तिला धरायला जागा उरत नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही दिलेले मेणाचे वळे तोंडात ठेवून दोन्ही जबड्यांमधली उंची ठरवतात. आमच्या भाषेत याला बाइट घेणं म्हणतात. ही उंची दोन-तीन मिलिमीटर जास्त झाली तर माणसाचे ओठ मिटत नाहीत, बोलताना दात दातांवर आपटून टकटक वाजतात. कमी झाली तर चेहरा आत बसलेला, म्हातारा दिसतो. मग आम्ही मेणात दात रचतो. चौथ्या खेपेला ते दात मेणासकट तोंडात घालून बघतात. या वेळी घरचं कोणीतरी बरोबर असावं असं मला नेहमी वाटतं, कारण दात आवडले नाहीत तर बदलायची ही शेवटची वेळ असते.

त्यानंतरचं काम पूर्ण माझं. मेणाची कवळी फ्लास्कमध्ये, म्हणजे पितळी किंवा लोखंडी डब्यात, प्लास्टरमध्ये बसवायची. उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचं. त्या पोकळीत गुलाबी ॲक्रिलिकची मळलेली कणीक दाबून भरायची आणि डबा शिकंज्यात आवळून गरम पाण्यात ठेवायचा. ७४ अंश सेल्सिअसला नऊ तास, किंवा ७४ अंशांना दोन तास आणि मग उकळत्या पाण्यात एक तास. घाई केली तर आत बुडबुडे धरतात आणि सुटा मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकचा तो उग्र वासाचा द्रव, पुरता मुरत नाही. मग घासणं, पॉलिश आणि पाचवी खेप. ती बसवल्यावर कुठे टोचतं हे बघायला आणखी एक-दोन.

इतकं सगळं करून मी त्या माणसाला एकदाही पाहिलेलं नसतं. माझ्याकडे येतो तो प्लास्टरचा साचा आणि त्याबरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, वय, दातांची छटा, कधी एखादी सूचना. रस्त्यात माझ्या हातची कवळी घातलेला माणूस समोरून गेला तर मला कळणारही नाही.

आता कायदा. आपल्याकडे दातांच्या कामावर नियंत्रण उशिरा आलं. कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. दंतवैद्यांच्या नोंदणीचा पहिला कायदाही बंगालचाच, १९३९चा. बाकी ठिकाणी ज्याच्या हातात चिमटा तो दंतवैद्य, अशी परिस्थिती होती. बापाकडून मुलाने शिकायचं, बाजारात बसायचं, दात उपटायचे, कवळी करून द्यायची. शहरांत चिनी वंशाची कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली. यातले कित्येक जण हाताने उत्तम होते, हे मी मुद्दाम सांगतो. माझ्या गुरूंचे गुरू असेच होते.

स्वातंत्र्यानंतर लगेच, मार्च १९४८ मध्ये, दंतवैद्यक कायदा लागू झाला. हा केंद्राचा कायदा, पण नोंदवही मात्र राज्याची. त्यानुसार दिल्लीत भारतीय दंत परिषद आणि प्रत्येक राज्यात राज्य दंत परिषद स्थापन झाली. महाराष्ट्राची परिषद मुंबईत आहे, आणि पुण्यातल्या दंतवैद्यांची नोंद तिच्याकडेच असते. कायदा आला तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. त्यावर तोडगा असा निघाला की नोंदवहीचे दोन भाग करायचे. 'अ' भागात मान्यताप्राप्त पदवीवाले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण आधीची किमान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरलेले. म्हणजे जुन्या माणसांना रस्त्यावर आणलं नाही, पण त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी दार बंद केलं. इंग्लंडने १९२१ मध्ये जवळपास हेच केलं होतं. मला हा तोडगा माणुसकीचा वाटतो. 'ब' भागातली ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यामुळे आज कोणी "आमचं पिढीजात आहे" म्हणून बोर्ड लावला तर त्या पिढीजातपणाला कायद्यात जागा उरलेली नाही. नोंदणी माणसाची असते, ती मुलाकडे वारशाने जात नाही.

या कायद्याने तीन माणसं ओळखली. दंतवैद्य, दात साफ करणारा आणि स्वच्छता शिकवणारा डेंटल हायजिनिस्ट, आणि कवळ्या व दातांची साधनं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा डेंटल मेकॅनिक. तिघांचीही वेगवेगळी नोंदवही. मी तिसरा. बारावी विज्ञान शाखेतून करायची, मग दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मग परिषदेकडे नोंदणी, असा आमचा रस्ता आहे.

आणि रेघ मारली आहे ती 'दंतवैद्यक' या शब्दाच्या व्याख्येत. दातांवर, जबड्यावर उपचार करणं हे तर त्यात आहेच. कवळी बनवणंही आहे. पण पुढचं कलम बारकाईने वाचण्यासारखं आहे. कवळी बसवण्यासाठी, घालण्यासाठी, बनवण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा बदलण्यासाठी एखाद्या माणसावर केलेली कोणतीही क्रिया, उपचार, इतकंच काय त्याला दिलेला सल्लासुद्धा, दंतवैद्यकात मोडतो. मेकॅनिकच्या वाट्याला यातलं फक्त बनवणं आणि दुरुस्त करणं आलं आहे. म्हणजे वस्तू माझी, माणूस डॉक्टरांचा. काकूंच्या तोंडात मापाचा ट्रे घालणं तर सोडाच, "तुम्हाला अशी कवळी बरी पडेल" असं त्यांना बसवून सांगणंही माझ्या हद्दीबाहेरचं आहे.

नोंदणी नसताना हे काम करणं याच कायद्याच्या ४९व्या कलमाने गुन्हा ठरवलं. त्यातली शिक्षा मात्र १९४८च्या काळातली होती. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या काळी ५०० रुपये ही मोठी रक्कम होती, आज ती एका दिवसाची कमाई आहे. शिवाय अशा गुन्ह्याचा खटला राज्य सरकारच्या किंवा राज्य परिषदेच्या आदेशाने तक्रार आल्यावरच उभा राहायचा. त्यामुळे रस्त्यावर राजरोस काम चालू दिसलं तरी कारवाई क्वचित व्हायची. एक अपवाद वाचून मला नेहमी तो काळ डोळ्यांसमोर येतो. जवळपास दंतवैद्य नसेल आणि निकड असेल, तर त्या कायद्याप्रमाणे दात कोणीही उपटू शकत होता, फक्त भूल न देता. दंतवैद्य म्हणजे तालुक्याला एकही नाही, अशा देशासाठी लिहिलेला हा कायदा आहे.

आता फुटपाथवर काय होतं ते सांगतो. तिथलं काम माझ्या टेबलावर दुरुस्तीला किंवा बदलायला येतं, म्हणून मला ते जवळून माहीत आहे.

एखाद्याचा पुढचा दात पडलेला असतो. रस्त्यावरचा माणूस एका बैठकीत, काहीशे रुपयांत, 'फिक्स' दात बसवून देतो. करतो काय, तर थंड पद्धतीचं, म्हणजे उष्णता न देता घट्ट होणारं ॲक्रिलिक ओलं असतानाच थेट हिरडीवर आणि शेजारच्या चांगल्या दातांभोवती लिंपतो. कधी त्यात तार गुंडाळतो. ते तिथेच घट्ट होतं आणि दातांच्या खोबणीत अडकून बसतं, म्हणून निघत नाही. गिऱ्हाईक खूश होतं, कारण कवळी काढायची-घालायची कटकट नाही. पण ते निघत नाही हाच त्यातला सगळ्यात मोठा दोष आहे. त्याच्याखाली ब्रश जात नाही, पाणी जात नाही. अन्न कुजतं, हिरडी सुजते, हाड झिजतं. अशा मिश्रणात सुटा मोनोमर जास्त उरतो, त्याने हिरडीची आग होते ती वेगळी. एक दात बसवायला गेलेला माणूस दोन-तीन वर्षांनी शेजारचे दोन-तीन चांगले दात हलायला लागले म्हणून दवाखान्यात येतो. ते लिंपण कापून काढताना आतून जो वास येतो तो डॉक्टर आणि त्यांचे सहायकच जाणतात.

दुसरा जुना प्रकार म्हणजे वरच्या कवळीला टाळूच्या बाजूने रबराची लहान चकती लावणं. ती वाटीसारखी टाळूला चिकटते, कवळी पडत नाही. पण दिवसरात्र एकाच जागी ओढ बसून टाळूचं मांस आणि त्यामागचं हाड खात जातं. टाळूला आरपार भोक पडून पाणी नाकातून येऊ लागल्याच्या केसेस वैद्यकीय मासिकांत छापून आल्या आहेत.

हे वाचून कोणाला वाटेल की ही रस्त्यावरच्या अडाणी माणसांची गोष्ट, नोंदणी झालेल्या, शिकलेल्या मेकॅनिकला काय हरकत आहे? खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. माझं काम कित्येक नवख्या डॉक्टरांपेक्षा चांगलं आहे, हे मला माहीत आहे.

माझं मत बदललं ते एका साध्या गोष्टीने. प्लास्टरला रंग नसतो.

साच्यात मला उंचवटा दिसतो, खड्डा दिसतो, हाडाची धार दिसते. लाल काय, पांढरं काय, हे दिसत नाही. बोट लावल्यावर कडक लागतं की मऊ, हे कळत नाही. आणि कवळी घालणारं तोंड म्हणजे बहुतेक वेळा साठी-सत्तरीच्या माणसाचं तोंड. आपल्याकडच्या त्या तोंडाने आयुष्यभर काय सोसलंय ते आठवा. गावाकडच्या बायकांनी पन्नास-पन्नास वर्षं मिश्री लावलेली असते, पुरुषांनी तंबाखू मळलेली असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण त्याआधी खाल्लेल्याचे आणि सुपारीचे परिणाम आजही दवाखान्यात दिसतात. तोंड पुरतं उघडत नाही, गाल आतून ताठ झालेला असतो. गालाच्या आत पांढरा चट्टा असतो. तो दुखत नाही, म्हणून माणूस सांगत नाही. बसत नसलेल्या कवळीची कड रोज त्याच जागी घासून तिथे मांस वाढलेलं असतं, जखम झालेली असते. "कवळी लागते, जरा घासून दे" म्हणून आलेल्या माणसाची ती जखम कवळीमुळेच आहे की दुसऱ्याच कशामुळे, हा निर्णय घ्यायला तोंडाचे आजार शिकलेला डोळा लागतो. माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासात तो शिकवलेला नाही. कवळीची कड घासून दिली आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर तिचा तुकडा तपासायला पाठवायचा, हे डॉक्टरला माहीत असतं. घासून देणारा मात्र पुन्हा घासून देतो. त्यात महिने जातात, आणि तोंडाच्या कर्करोगात महिने फार महाग पडतात.

काकूंची कवळी मधोमध का मोडली असेल, हेही याच धाग्यातलं. दात गेले की त्यांना धरणारं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, मग हळूहळू, पण थांबत नाही. खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा चौपट झिजतं, असं लांब पल्ल्याच्या अभ्यासांतून दिसलं आहे. वरची कवळी बाजूंनी खाली बसत जाते, पण टाळूच्या मध्यभागी हाड कडक असतं, ते झिजत नाही. मग कवळी त्या मधल्या कण्यावर तराजूसारखी डुलते. प्रत्येक घासाला थोडी वाकते आणि एक दिवस तिथेच तडकते. तुकडे सांधून दिले तरी काही महिन्यांत परत मोडणार. म्हणजे दुरुस्ती माझ्या हक्कात असली, तरी मोडण्याचं कारण तोंडात आहे.

इथून पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे तिची चर्चाच होत नाही. जगातल्या काही ठिकाणी काकूंचं म्हणणं कायद्याने मान्य झालं आहे. तिथे मेकॅनिक थेट माणसाचं माप घेऊ शकतो, कवळी करून बसवूही शकतो. या माणसाला कॅनडा-अमेरिकेत 'डेन्चरिस्ट' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल डेंटल टेक्निशियन', ऑस्ट्रेलियात 'डेंटल प्रॉस्थेटिस्ट'.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९५८ मध्ये ही वाट उघडली. अमेरिकेत दातांचा परवाना हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे. आपल्यासारखा एकच केंद्रीय कायदा तिथे नाही. बहुतेक राज्यांत आजही डेन्चरिस्टला परवानगी नाही. पण ऑरेगन राज्यात १९७८ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांसमोर गेला. दंतवैद्यांच्या संघटना विरोधात होत्या. मतदारांनी मोठ्या बहुमताने हो म्हटलं. आयडाहोत १९८२, मोंटानात १९८४, वॉशिंग्टन राज्यात १९९४, तिथेही मतपेटीतूनच कायदा झाला. विचार करा, कवळी कोणी बसवावी यावर लोकांनी रांगा लावून मतदान केलं. कारण सरळ होतं. म्हाताऱ्या माणसांना कवळी परवडत नव्हती, आणि करणाऱ्याकडून थेट मिळाली तर स्वस्त पडणार होती.

पण दार उघडताना तिथल्या कायद्याने चौकट घातली, ती नीट बघण्यासारखी आहे. ऑरेगनच्या कायद्यात अट आहे की डेन्चरिस्टने काम सुरू करण्याआधी दंतवैद्याचा किंवा डॉक्टरचा दाखला हवा, तोही ३० दिवसांच्या आतला. तोंडात आजार नाही आणि कवळी पेलण्याजोगी जागा आहे, असा. ज्या डेन्चरिस्टने तोंडाच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेतलं आहे त्याला यातून सूट. म्हणजे तोंड कोणीतरी शिकलेल्या डोळ्याने बघितलंच पाहिजे, एकतर तू तो डोळा कमाव नाहीतर दुसऱ्याचा घेऊन ये. सुरुवातीला परवानगी फक्त पूर्ण कवळीची होती. काही दात शिल्लक असताना बसवायची अर्धी कवळी डेन्चरिस्टला मिळायला २००२ साल उजाडलं, तेही पुन्हा मतदानानेच. ब्रिटनने २००८ पासून साध्या टेक्निशियनलाही नोंदणी सक्तीची केली. तिथे क्लिनिकल टेक्निशियन एकही दात नसलेल्या माणसाला थेट पूर्ण कवळी देऊ शकतो. तोंडात एकजरी खरा दात असेल, तर आधी दंतवैद्याने बघितलं पाहिजे.

या भेदामागचं तर्कशास्त्र मला पटतं. दात नसलेल्या तोंडात बिघडवण्यासारखं कमी असतं. खरे दात असले की कवळीची तार कुठे अडकवायची, कोणता दात ते ओझं सोसेल, कुठली दाढ आधीच किडली आहे, हे सगळं ठरवावं लागतं. तिथे चूक झाली तर चांगला दात जातो.

आपल्याकडे संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४८च्या कायद्याची जागा घेण्यासाठीच तो केला आहे. त्यात दंत परिषदेऐवजी आयोग, त्याच्या हाताखाली तीन मंडळं, दंतवैद्यांची राष्ट्रीय नोंदवही आणि मेकॅनिक-हायजिनिस्ट यांच्यासारख्या सहायकांचीही स्वतंत्र राष्ट्रीय नोंदवही, अशी रचना आहे. राज्य परिषदा राहतातच. आमची देशभराची एक नोंदवही व्हावी ही फार जुनी गरज होती. पण मेकॅनिकला शिकवून, परीक्षा घेऊन, अटी घालून तोंडापर्यंत जाऊ देणारी वाट या कायद्यात नाही.

मला ती असावी असं वाटतं. आजच्या माझ्या शिक्षणावर नाही, हे वर सांगितलंच. पण आणखी दोन वर्षांचं क्लिनिकल शिक्षण, तोंडाच्या आजारांची सक्तीची परीक्षा, एकही दात नसलेल्या माणसापुरतीच परवानगी आणि त्याआधी दंतवैद्याचा दाखला, एवढ्या अटींवर ती देता येईल. कारण आज जे चाललं आहे ते असं. कायद्याने दोन कडा आखल्या, एकीकडे पूर्ण पात्र दंतवैद्य आणि दुसरीकडे तोंड न बघणारा मेकॅनिक. मधली जागा रिकामी राहिली. ज्याला दंतवैद्य परवडत नाही किंवा पाच खेपा जमत नाहीत, तो त्या रिकाम्या जागेत उभ्या असलेल्या माणसाकडे जातो, आणि तिथे उभ्या असलेल्याला ना शिक्षण, ना नोंदणी, ना कोणाचा धाक. माझे बरेच डॉक्टर मित्र या मताशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, पुण्यासारख्या शहरात दंतवैद्य गल्लोगल्ली आहेत, मधला माणूस हवाच कशाला? शहरापुरतं ते खरं असेल. वेल्ह्यातल्या किंवा जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातल्या म्हातारीला ते सांगून बघावं.

तोपर्यंत पुण्यात कवळी करायची असेल तर काय बघावं, हे लोक मला वारंवार विचारतात.

दवाखान्यात डॉक्टरांचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक शोधा. तो दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापणं त्यांच्या आचारसंहितेनेच बंधनकारक आहे. बोर्डावर फक्त नाव आणि 'दातांचा दवाखाना' असेल, पदवी आणि क्रमांक नसेल, तर विचारा. खरा दंतवैद्य या प्रश्नाने रागावत नाही. कवळी कोणत्या लॅबमध्ये होणार आणि तिथला मेकॅनिक नोंदणीकृत आहे का, हेही विचारायला हरकत नाही. हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही, आणि तो विचारला जाऊ लागला तर आमच्या धंद्याचं फार भलं होईल. पावती घ्याच. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण हातात कागद नसेल तर तिथे बोलणार काय? दंतवैद्याच्या वागणुकीबद्दलची किंवा नोंदणी नसलेल्याबद्दलची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करायची.

पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत जा. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला, वडगावचं सिंहगड, अशी पुण्याच्या आसपास बरीच आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली कवळी करतात. खाजगी दवाखान्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडते, खेपा मात्र जास्त होतात. प्रत्येक टप्पा शिक्षकाने बघितल्याशिवाय पुढे जात नाही, ही गोष्ट मला त्या जास्तीच्या खेपांइतकी मोलाची वाटते.

आणि एका बैठकीत, जागच्या जागी, न निघणारी कवळी करून देतो असं कोणी म्हणालं, तर उठून या.

काकू शेवटी गेल्या. सून रिक्षाने घेऊन गेली, नाराजीनेच. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी माप घेतलंच नाही. वरच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, पांढरा खरखरीत चट्टा होता. काकू पन्नासेक वर्षं बोटाने जिथे मिश्री चोळत आल्या, तीच जागा. मोडलेल्या कवळीची कडही तिथेच घासत होती. तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण लक्ष ठेवावं लागणार होतं. मिश्री बंद करायला सांगितली. ते ऐकून काकू दोन दिवस जेवल्या नाहीत, असं सून सांगत होती. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असंही डॉक्टर म्हणाले.

दीड महिन्याने त्यांचा साचा माझ्याकडे आला. मी तो खिडकीजवळ उजेडात फिरवून फिरवून बघितला. डावी खाच बोटाने चाचपली. पांढरं, गुळगुळीत प्लास्टर, उजवीसारखंच. बरोबरच्या चिठ्ठीवर नाव, वय ७६, छटा, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती: 'वर डावीकडे दाढांसमोर चट्टा आहे, कड दोन मिलिमीटर आखूड ठेवा, कड गोल करा.'

मी पेन्सिलीने साच्यावर तेवढ्या जागी रेघ मारली आणि मेण वितळायला ठेवलं.